तुम्ही विचारलेत म्हणून : मूळ प्रत, रीइश्यू आणि मधले तीन आठवडे

“रेकॉर्डची नवी प्रत तीस डॉलरला मिळते, मग जुनीसाठी चारशे कशाला मोजायचे?” हा प्रश्न मला गेली दहा-बारा वर्षे विचारला जात आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या जेवणाला गेलो की तो निघतो, ठाण्याहून धाकटा भाऊ फोनवर विचारतो, आणि ज्यांना मी रॅपच्या जुन्या रेकॉर्ड विकतो ती गिऱ्हाइकेही विचारतात, मात्र त्यांच्या तोंडी प्रश्नाची उलटी बाजू असते : “उद्या हिचा रीइश्यू निघाला तर माझे पैसे बुडाले का?” (रीइश्यू म्हणजे जुन्या रेकॉर्डची नव्याने छापलेली आवृत्ती.) आजवर ज्याला जे ऐकायला बरे वाटेल ते मी सांगत आलो. आता एकदा सगळे लिहून टाकतो.

पहिली गोष्ट अशी की या रेकॉर्ड दुर्मिळ व्हाव्यात असे कोणी ठरवले नव्हते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत माल खपत होता तो सीडी आणि कॅसेटचा; विनाइलवर, म्हणजे तबकडीवर, प्रती निघत त्या मुख्यतः डीजे लोकांसाठी, आणि छोट्या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांच्या, बाबतीत त्या काहीशे किंवा फार तर काही हजार असत. डीजेंनी त्या वापरल्या, घासल्या, पावसात नेल्या, त्यांच्यावर मार्करने स्वतःची नावे लिहिली. मी 1998 साली न्यू जर्सीत नोकरीला आलो तेव्हा शनिवारी गाडी पकडून न्यूयॉर्कला सहाव्या अव्हेन्यूवरच्या ‘फॅट बीट्स’ या रेकॉर्डच्या दुकानात जात असे, एरवी प्रिन्स्टनच्या ‘रेकॉर्ड एक्स्चेंज’मध्ये खाली बसून खोके उपसत असे, आणि ज्या रेकॉर्डना आज लोक सोन्यासारखे जपतात त्या मी तेव्हा पाच-सात डॉलरला घेतल्या आहेत. तेव्हा मी रॅप ऐकत होतो, गुंतवणूक करत नव्हतो. हे वाक्य मी फार वेळा म्हटले आहे आणि ते खरेही आहे, पण ते 2008 पर्यंतच खरे आहे. त्यानंतर मी विकायला लागलो.

दुसरी गोष्ट : रीइश्यू निघाला की भाव पडतो, हा सरसकट नियम नाही. 1983 साली रॅमेलझी आणि के-रॉब या रॅपरांची ‘बीट बॉप’ ही रेकॉर्ड चित्रकार झाँ-मिशेल बास्किया यांनी टारटाउन या आपल्या नावापुरत्या लेबलवर काढली. प्रती 500, आणि कव्हरवरचे चित्र खुद्द बास्कियांचे. तेच रेकॉर्डिंग लगेच ‘प्रोफाइल’ कंपनीने बाजारात आणले आणि पुढेही ते पुन्हा पुन्हा निघाले. तरी त्या पाचशेपैकी एखादी प्रत हाताशी आली तर तिच्या किमतीला या रीइश्यूंचा धक्का लागत नाही, कारण घेणारा चित्राचे पैसे देतो. रॅपर एमएफ डूम यांचा ‘ऑपरेशन : डूम्सडे’ हा अल्बम 1999 साली बॉबिटो गार्सिया यांच्या ‘फॉन्डल एम’ या लेबलवर आला, त्यानंतर किती तरी वेळा छापला गेला, पण मूळ प्रत आजही महागच आहे, उलट प्रत्येक रीइश्यूने नवे ऐकणारे तयार केले आणि त्यांतले थोडे जण मूळ प्रतीच्या मागे लागले. आणि काही रेकॉर्ड जशाच्या तशा पुन्हा काढताच येत नाहीत. रॅपर बिझ मार्की यांच्या 1991 सालच्या ‘आय नीड अ हेअरकट’ या अल्बममधल्या एका गाण्यात गायक गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय घेतला होता. त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने विरुद्ध निकाल दिला, अल्बम दुकानांतून काढून घेण्यात आला, आणि नंतरच्या प्रतींत ते गाणेच राहिले नाही. असे असेल तर मूळ प्रत हा हट्ट उरत नाही. ते गाणे तबकडीवर फक्त तिथेच आहे.

हे सगळे मी लोकांना सांगतो, आणि बरोबर सांगतो. सांगत नाही ते असे की माझ्या विक्रीतला मोठा भाग या तिन्ही प्रकारांत बसत नाही. माझ्याकडे असतात त्या छोट्या लेबलांच्या, एका-दोन अल्बमनंतर गप्प झालेल्या लोकांच्या रेकॉर्ड. त्यांचे कव्हर साधे असते, त्यांच्यामागे खटला नसतो, दंतकथा नसते. लोकांना ते संगीत ऐकायचे असते आणि दुसरीकडे ते मिळत नसते, एवढाच त्यांचा भाव. रीइश्यू निघाला की ही अडचण दूर होते, आणि अडचणीवर उभा असलेला भाव बसतो.

2021 च्या ऑक्टोबरात घडले ते इथे सांगतो. तो काळ आठवा : महामारीत घरी बसलेल्या लोकांनी रेकॉर्ड घ्यायला सुरुवात केली होती, 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात बॅनिंग येथील ‘अपोलो मास्टर्स’चा कारखाना जळाल्यामुळे मास्टर (जिच्यावरून पुढे सगळ्या प्रती छापतात ती पहिली तबकडी) कापण्यासाठी लागणाऱ्या लॅकर तबकड्या बनवणारा जगात एकच मोठा कारखाना उरला होता, रेकॉर्ड छापणाऱ्या प्रेसिंग प्लांटमध्ये महिनोन्महिने रांगा होत्या, आणि जुन्या प्रतींचे भाव चढत होते. घाऊक व्यापारातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मला येणाऱ्या मालाची यादी मिळत असे. त्या यादीत एका अल्बमच्या रीइश्यूचे नाव होते. अल्बमचे नाव मी लिहीत नाही, कारण लिहिले तर ज्याच्याविषयी लिहितो आहे तो ओळखला जाईल. त्या अल्बमची मूळ प्रत माझ्याकडे होती, आणि ती मी 410 डॉलरला विक्रीला लावली होती.

विशीतल्या एका मुलाने चौकशी केली. शेवटच्या गाण्यानंतर मधल्या कागदी लेबलपर्यंत जी गुळगुळीत मोकळी पट्टी असते, तिच्यावर मास्टर कापणारा हाताने अक्षरे कोरतो. चोरट्या प्रतींवर ती वेगळी तरी असतात किंवा नसतातच. मी रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून त्या अक्षरांचे फोटो काढून पाठवले. कव्हरच्या कोपऱ्याला प्रोमो (प्रचारासाठी वाटलेल्या) प्रतीचे भोक होते आणि मागे कोणीतरी पेन्सिलने 6.99 लिहिले होते, तेही दाखवले. मग त्याने विचारले : “याचा रीइश्यू येणार असल्याचे तुम्ही काही ऐकले आहे का?” मी लिहिले : “अधिकृत घोषणा झालेली नाही.”

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य विचारपूर्वक निवडले होते.

पैसे आले. मी रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून वेगळ्या पिशवीत कव्हरच्या मागे ठेवली, म्हणजे वाटेत आपटून तिच्या कडेने कव्हरची शिवण फाटू नये. दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावले, खोक्याचे कोपरे चिकटपट्टीने बंद केले. इतकी काळजी मी एरवी घेतोच, पण त्या दिवशी ती घेताना मला बरे वाटत होते, हे आठवले की आज अंगावर काटा येतो. बरोबर तीन आठवड्यांनी रीइश्यू जाहीर झाला : दोन तबकड्या, आत गाण्यांचे शब्द छापलेले, किंमत 32 डॉलर. मूळ प्रती दोन महिन्यांत दीडशे-पावणेदोनशेवर आल्या.

त्याचे पत्र आले ते दोन ओळींचे. “मला फक्त ऐकायचा होता. तुम्हाला माहीत होते का?” मी दोन दिवस घेतले आणि पानभर उत्तर लिहिले. मूळ प्रेसिंगचा आवाज कसा वेगळा असतो, रीइश्यू पुष्कळदा सीडीवरूनच कापलेले असतात, पहिल्या आवृत्तीचे मोल टिकते, असे सगळे त्यात होते. त्याने जे विचारले होते त्याचे उत्तर तेवढे नव्हते. पुढे मी तो रीइश्यू विकत घेतला. तो मूळ प्रतीपेक्षा चांगला वाजतो. मूळ प्रतीत एकेका बाजूला सत्तावीस मिनिटे कोंबली होती. इतका वेळ एका बाजूवर बसवायचा तर खाचा दाटीने आणि आवाज खाली ठेवून कापाव्या लागतात, मग तबकडीची खरखर गाण्याच्या वर येते. दोन तबकड्यांवर पसरल्यावर ढोलांना जागा मिळाली होती.

वसंत ऋतूत तीच प्रत मला विक्रीला दिसली. कोपऱ्याचे भोक, पेन्सिलने लिहिलेले 6.99. किंमत 165. घ्यावी असे फार वाटले, पण घेणाऱ्याचे नाव विकणाऱ्याला दिसते. तीन-चार दिवसांत ती दुसऱ्या कोणी घेतली.

यावर माझ्यातला जुना विक्रेता म्हणतो : भाव वर गेला असता तर त्या मुलाने तुला फरक पाठवला असता का? बाजारात प्रत्येकाला थोडे कमी-जास्त माहीत असतेच. तू वीस वर्षे खोके उपसून ही माहिती मिळवलीस, ती फुकट का वाटावी? हा युक्तिवाद मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. पण दुसऱ्या बाजूला एक गोष्ट आहे, जी मी गिऱ्हाइकांना कधी सांगितली नाही : मी विकलेल्या जुन्या रेकॉर्डमधून ज्याने ती गाणी केली त्याला एक पैसाही मिळत नाही. डे ला सोल या रॅप गटाचेच पाहा. 1989 सालचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा अल्बम सॅम्पलच्या (दुसऱ्यांच्या गाण्यांतून घेतलेल्या तुकड्यांच्या) हक्कांच्या आणि करारांच्या गुंत्यामुळे स्ट्रीमिंगवर नव्हता. 2021 साली त्यांचे जुने लेबल नव्या मालकाकडे गेल्यावर त्यांना आपल्या रेकॉर्डिंगचा ताबा मिळाला आणि 3 मार्च 2023 रोजी जुने अल्बम खुले झाले, विनाइलवरही पुन्हा आले. त्यांच्यातले डेव्हिड जोलिकूर त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी वारले. त्या मधल्या वर्षांत त्यांच्या जुन्या प्रतींवर कमावणाऱ्यांत मी होतो. रीइश्यू जाहीर झाला तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच संध्याकाळी मी कपाटातल्या प्रती मोजल्या. दोन्ही खरे आहे. एकामुळे दुसरे कमी खरे होते असे मला वाटत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर : ऐकायचे असेल तर थांबा, रीइश्यू घ्या. वस्तू हवी असेल तर मूळ प्रत घ्या आणि तिचा भाव मनातून काढून टाका. माझ्याकडून घेणार असाल तर मला तोच प्रश्न विचारा, आणि “अधिकृत घोषणा” असे शब्द उत्तरात आले तर पुन्हा विचारा.

मागच्या आठवड्यात नवी यादी आली. तिच्यातल्या एका अल्बमच्या दोन न उघडलेल्या प्रती माझ्याकडे 2012 पासून आहेत आणि त्या विक्रीला लावलेल्या आहेत. रीइश्यूविषयी मी त्या प्रतींच्या जाहिरातीत काही लिहिलेले नाही, कारण यादी मला विश्वासाने पाठवलेली आहे, आणि हे कारण खरे आहे. परवा एकाने शेवटचा भाव विचारला. रीइश्यूबद्दल त्याने काही विचारलेले नाही. मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही.