फैजपूरची गच्ची आणि अलास्काचे फोटो

इकडे पारा 44 वर आणि मी लॅपटॉपवर टुंड्रातला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या झाडं नसलेल्या थंड प्रदेशातला, बर्फ वितळताना बघत बसतो, घरचे म्हणतात चला, कूलरचं लाइट बिल तरी वाचेल.

पण नाद लागण्यासारखंच आहे ते. 1948 ते 50 च्या सुमारास अमेरिकन नेव्हीने तेल शोधायचं म्हणून उत्तर अलास्काचे विमानातून तिरके फोटो काढून ठेवले होते, झाडाझुडपांशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. पन्नासेक वर्षांनी स्टर्म, रॅसीन आणि टेप ही संशोधक मंडळी तेच फोटो घेऊन तिथे गेली आणि त्याच जागांचे त्याच कोनातून परत फोटो काढले. जुन्या फोटोत आल्डर, विलोची झुडपं विरळ, नव्यात बऱ्याच ठिकाणी दाटी. 2001 ला हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. झुडपं वाढली तर चांगलंच की, असं मलाही आधी वाटलं, पण झुडपात वाऱ्याने उडणारा बर्फ अडकतो, त्या जाड थराखाली हिवाळ्यात जमीन हवी तेवढी गोठत नाही आणि वसंतात काळ्या फांद्या बर्फातून वर येऊन ऊन शोषतात ते वेगळंच.

हे झालं पन्नास वर्षांचं. एका वर्षातला ऋतू पकडायचा तर कॅमेरा खांबावर कायमचा ठोकावा लागतो. फेनोकॅम नावाचं कॅमेऱ्यांचं नेटवर्क 2008 पासून हेच करतंय, दिवसा दर अर्ध्या तासाला एक फोटो. सॅटेलाइट आहे की, असं म्हणाल, पण तिकडे बर्फ वितळायच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं आणि कॅमेरा ढगांच्या खाली असतो! मग फोटोतला एक ठराविक तुकडा घ्यायचा, त्यात लाल, हिरवा, निळा यांच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती ते काढायचं, ऊन कमीजास्त झालं तरी हा वाटा फार हलत नाही. बर्फ गेला की काही दिवसांनी ग्राफ सरळ वर चढतो, ऑगस्ट संपता संपता उतरायला लागतो. फक्त ऑटो व्हाइट बॅलन्स बंद पाहिजे, नाहीतर आपला मोबाइल करतो तसं प्रत्येक फोटोत रंग 'सुधारून' देतो आणि सगळी मोजणी मातीत.

कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला ठेवतात, म्हणजे लेन्सवर थेट ऊन नको. आता गंमत बघा, आर्क्टिकमधे उन्हाळ्यात मध्यरात्री सूर्य बरोब्बर उत्तरेलाच असतो, त्यामुळे तिथे दुपारचेच फोटो कामाचे. आणि आमच्या फैजपूरला गच्चीवर असा कॅमेरा लावायचा म्हटलं तर उत्तरेला कोण? सातपुडा! आयती फ्रेम. मेमधे नुसता तपकिरी डोंगर आणि जूनमधे दोनचार चांगले पाऊस झाले की सागाला पानं फुटून ओळखू येत नाही. मोजायचा तुकडा मात्र डोंगरावरचाच निवडायचा, खाली केळीच्या बागा आल्या तर ग्राफ बारा महिने हिरवा, ठिबकवरच्या केळीला कसला ऋतू. फाल्गुनात पळस फुलला की लाल वाटा वर जातो का हेही बघायचंय.

जुन्या फोटोंचंही बघतोय. डिसेंबर 1936 ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा फोटो भरपूर निघाले असणार. सगळ्यांचं लक्ष नेहरूंकडे, पण मागे डोंगराची रेघ स्पष्ट दिसतेय असा एखादा कोणाच्या आजोबांच्या पेटीत असेल तर स्कॅन करून पाठवा राव, जागा मी शोधून काढतो, डिसेंबरमधेच जाऊन तिथून परत फोटो काढू.