परभणीचा मे आणि टिन व्हिसल

मे महिन्यात टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची पत्र्याची शिट्टीसारखी उभी बासरी, काढली की मुलीच्या हार्मोनियमशी भांडण ठरलेलं. परदेशातला कारागीर वीस-एक अंशांत बसून सूर लावतो, आमच्याकडे दुपारी बेचाळीस. नळीतली हवा तापली की सूर चढतो, अंशामागे जवळपास 3 सेंट. सेंट म्हणजे सुराचं बारीक माप; पेटीवर काळी ते लगतची पांढरी ही एक पायरी 100 सेंटची. श्वासाची ऊब धरून फरक थोडा कमी पडतो, तरी कानाला बोचतोच. मुलगी म्हणते, “पप्पा, तुम्ही वर चाललात.”

म्हणून आता तोंडाकडचा भाग नळीवर सरकतो अशीच व्हिसल घेतो. बाहेर ओढली की सूर उतरतो. फार ओढली तर वरच्या भोकांचे सूर जास्त उतरतात आणि सगळंच बिनसतं.

अपवाद एकच, क्लार्क नावाची व्हिसल. रॉबर्ट क्लार्कने 1843 साली इंग्लंडात पत्रा गुंडाळून केली तीच घडण: खाली निमुळती, तोंडात लाकडी ठोकळा. आवाज जरा फुसफुसता, मला तोच आवडतो. पण सरकवायला काही नाही. ती थंडीतच वाजवायची, दिवाळी ते होळी.

वाजवतो आपल्याच पद्धतीने. वरची तीन भोकं झाकून षड्ज धरला की सगळी भोकं उघडी म्हणजे तीव्र मध्यम. तीव्र मध्यमाचा यमन राग आपसूक हाताखाली. शुद्ध मध्यमाला बासरीवर अर्धं भोक दाबावं लागतं, इथं वरचं उघडं ठेवून खालची दोन झाकली की झालं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र बासरीसारखी येत नाही, उगाच कुणी सांगू नये.

गेल्या उन्हाळ्यात धान्याच्या कोठ्या करणाऱ्या चाचांना गाठलं, व्हिसल करून घ्यायला. तेलाच्या डब्याचा पत्रा, सागाचा ठोकळा. तोंडाजवळ शिशाचं झाळण नको, म्हणून सांधा दुमडून ठोकायला लावला. चाचा म्हणाले, “कोठीला धान्य बाहेर काढायला एक भोक पुरतं, तुम्हाला सहा कशाला?” भोकं आधी बारीक पाडली, मग कानशीने वाढवत नेली, भोक मोठं झालं की सूर चढतो. हे सगळं भर दुपारी, त्यांच्या पत्र्याच्या शेडखाली, मोबाइलवर सूर मोजणारा ट्यूनर लावून.

त्यामुळे ती मेमध्ये हार्मोनियमला बरोबर लागते. जानेवारीच्या सकाळी इतकी उतरते की मुलगी पेटीचं झाकणच लावते.