आधी वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी: पुण्यात जन्मलेली डब्ल्यू१२४ घरीच उभी करताना

जुनी मर्सिडीज घेतली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न रंग कोणता मारणार आणि दुसरा अलॉय कुठले टाकणार. माझं मत ठाम आहे, हे दोन्ही प्रश्न सगळ्यात शेवटचे. डब्ल्यू१२४, म्हणजे मर्सिडीजच्या ई-क्लासची जुनी पिढी, घरी उभी करायची असेल तर आधी वायरिंग, मग रबर, मग सस्पेन्शन, मग लाइट, आणि त्यानंतर पैसे आणि उत्साह उरला तर रंग.

ही गाडी का, तर जर्मनीत ती १९८४ च्या शेवटी आली, ब्रुनो साको तेव्हा डिझाइनचे प्रमुख होते, आणि १९९५ मध्ये तिकडे पुढची पिढी डब्ल्यू२१० येऊन ही निरोप घेत होती त्याच वर्षी आपल्या पिंपरीत टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) आवारात तिची जुळणी सुरू झाली. मर्सिडीजने भारतात बनवलेली पहिली गाडी हीच. चाकणचा कारखाना फार नंतरचा, २००९ चा. म्हणजे माझी ई२२० जिथे जोडली गेली ती जागा आमच्या चिंचवडच्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर आहे आणि आज तीच गाडी आमच्या पार्किंगमध्ये परत खोलली जातेय, मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

इंजिन एम१११, चार सिलिंडर, २१९९ सीसी, १५० हॉर्सपॉवर. दणकट मशीन आहे, ऑइल वेळेवर बदललं तर कुरकुर करत नाही. कमजोर जागा आहे ती त्याच्या डोक्यावरून जाणारी वायरिंग. साधारण १९९२ ते ९५ च्या गाड्यांमध्ये इंजिनच्या हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, इन्शुलेशन उष्णतेने कडक होतं आणि मग बिस्किटासारखं चुरायला लागतं. बाहेरून काळं आवरण एकदम ठणठणीत दिसतं, आत मात्र तांबं उघडं. मग दोन वायरी एकमेकींना टेकतात, आयडलिंग वरखाली होतं, गाडी मधेच मिसफायर करते, मेकॅनिक प्लग बदलतो, सेन्सर बदलतो, खर्च होत राहतो आणि दुखणं तिथेच. जास्त वाईट म्हणजे शॉर्टमुळे इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. त्यामुळे या काळातली डब्ल्यू१२४ बघायला गेलात तर रंगावरून हात फिरवण्याआधी इंजिनजवळच्या एखाद्या कनेक्टरपाशी आवरण थोडं मागे सारा आणि आतली वायर हलकेच वाकवून बघा. तडा गेला तर किमतीत ते धरायचं. थ्रॉटल बॉडीतून (इंजिनमध्ये जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) निघणाऱ्या वायरीही त्याच जातीच्या, त्या विसरायच्या नाहीत.

नवीन तयार हार्नेस बाहेरून मागवता येतो पण महाग पडतो, आणि मला ते काम स्वतःच करायचं होतं. पद्धत सोपी आहे, वेळखाऊ आहे. बॅटरी काढायची, हार्नेस अख्खा बाहेर घ्यायचा, प्लायवूडच्या फळीवर गाडीत असतो त्याच आकारात खिळे मारून बसवायचा, आणि एका वेळी एकच वायर बदलायची. जर्मन डायग्रामवर प्रत्येक वायरची जाडी आणि रंग दोन्ही लिहिलेले असतात, ०.७५ तपकिरी, १.५ लाल असं, त्यामुळे अंदाजाने काहीच करावं लागत नाही. वायर १२५ अंशांपर्यंत टिकणाऱ्या इन्शुलेशनचीच घ्यायची, नाना पेठेत घेताना रोल हातात घेऊन त्यावरचं छापील वाचायचं. टर्मिनल क्रिम्प करायचं, म्हणजे पकडीने दाबून बसवायचं, सोल्डर नाही, कारण सोल्डर वायरीत चढतं आणि जिथे ते संपतं तिथेच कंपनांनी वायर तुटते. यावर आमच्या भागातल्या वायरिंगवाल्या चाचांशी माझा भरपूर वाद झालाय, त्यांचं आयुष्य सोल्डरवर गेलं, पण बोनेटखाली मी क्रिम्पच करणार.

याच चाचांकडून एक गोष्ट मात्र शिकलो. आपल्याकडे कुठल्याही हॉर्नच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ छापलेलं असतं आणि प्रत्येक वायरिंगवाल्याला ते पाठ असतं, ते आकडे डीआयएन या जर्मन मानकाच्या पद्धतीचे. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, ३१ म्हणजे अर्थ, आणि तो तपकिरी वायरीत. एकदा हे डोक्यात बसलं की या गाडीचा फ्यूजबॉक्स वाचता येतो, चाचा मर्सिडीजचा कागद न बघता अर्ध्या गाडीची वायरिंग शोधून काढतात ते यामुळेच.

मॉडिफिकेशनची माझी व्याख्या इथूनच सुरू होते. जिथे मूळ गाडी कमी पडते तिथेच हात घालायचा, आणि उद्या कोणाला परत मूळ स्थितीत न्यायची असेल तर एका संध्याकाळी नेता आली पाहिजे. उदाहरणार्थ हेडलाइट. बॅटरीपासून स्विच, फ्यूज करत करंट बल्बपर्यंत येईपर्यंत जुन्या वायरीत एखादा व्होल्ट पडतो, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. लोक १०० वॅटचे बल्ब लावतात आणि होल्डर वितळवतात. त्यापेक्षा दोन रिले, जाड वायर, फ्यूज, आणि बल्ब तोच ६०/५५ वॅटचा. रात्री खंबाटकी उतरताना रस्ता लख्ख दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यातही जात नाही.

दुसरं पेट्रोलचे होज. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि ही गाडी त्या काळात त्यासाठी बनलेली नाही. मागच्या ॲक्सलपुढे खाली पंप आणि फिल्टर आहे, तिथले रबरी तुकडे आणि बोनेटखालचे सगळे होज इथेनॉल चालणारे, इंजेक्शनच्या प्रेशरचे टाकले. यात काटकसर नको, आगीचा प्रश्न आहे.

सस्पेन्शनमध्ये एक मजेची सोय आहे. पुढच्या स्प्रिंगच्या वर जो रबरी पॅड असतो त्यावर ठिपके असतात, एक ठिपका ८ मिलिमीटर, दोन १३, तीन १८, चार २३. गाडी एका बाजूला झुकत असेल किंवा स्पीडब्रेकरला घासत असेल तर स्प्रिंग न कापता पॅड बदलून उंची जुळवता येते. पण पुढची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, लोअर आर्म आणि चॅसिसच्या मधे दाबून बसवलेली असते. त्यासाठी स्प्रिंगच्या आतून जाणारा खास कंप्रेसरच लागतो, हुकवाला साधा तिथे चालत नाही. तो भाड्याने मिळत नसेल तर हे काम घरी करू नका, स्प्रिंग सुटली तर जीव जाईल. विटांवर गाडी ठेवून खाली जाणंही तसंच, स्टँड पाहिजेतच.

चाकांचं फार सांगत नाही. पाच बोल्ट, ११२ मिलिमीटरचं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), हबचं भोक ६६.६, त्यामुळे नंतरच्या मर्सिडीजच्या चाकांचे पर्याय भरपूर, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, तेवढा बघून घ्यायचा. मी १५ इंची चाकं आणि १९५/६५ चे टायरच ठेवलेत, आपल्या रस्त्यांना उंच साइडवॉलच बरी. बोल्ट ११० न्यूटन मीटर, टॉर्क रेंच लावूनच.

कागदपत्रांचं आधी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्याची फी २०२२ पासून वाढलीये, वर पर्यावरण कर. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ स्पेसिफिकेशन बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्यामुळे दुसरं इंजिन टाकायची स्वप्नं परवानगीशिवाय बघू नयेत. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते.

मी तो बदलणार नाहीये. बोनेट उघडल्यावर पुढच्या पट्टीवर जी छोटी प्लेट आहे तिच्यावर रंगाचा कोड १९९ लिहिलाय, निळसर काळा मेटॅलिक, तोच मारणार. त्याआधी जॅक लावायच्या जागांचा गंज कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा आहे, आणि एसीच्या कूलिंग कॉइलसाठी अख्खा डॅशबोर्ड काढायचाय. पावसाळा संपला की डॅशबोर्डपासून सुरुवात, कोणाकडे डब्ल्यू१२४ चा डॅश काढल्याचा अनुभव असेल तर क्लिपा कुठे कुठे तुटतात ते जरूर कळवा.