खेप १३: छोट्या जाहिराती वाचता आल्या!

मंडळी, झालं एकदाचं. काल रात्री पावणेअकराला काचेच्या ग्लासात कुकरमध्ये केलेलं चिकनच्या हाडांचं सूप ओतलं, किती नितळ झालंय बघायला मागे पेपर धरला आणि नुसती हेडलाइन नाही, भाड्याने देणे आहे मधला वन बीएचके कितव्या मजल्यावर आहे तेपण वाचता आलं. तिसऱ्या. लिफ्ट आहे. मी एकटाच ओट्यापाशी उभा राहून हसत होतो, घरातले झोपलेले, नाहीतर परत डॉक्टरकडे चल म्हणाले असते.

ज्यांनी खेप ४ पासून माझं रडगाणं ऐकलंय त्यांना माहितीये भांडण कशाशी होतं. चवीची तक्रार कधीच नव्हती, कोंबडीचे पाय घालायला लागल्यापासून फ्रीजमध्ये जेलीपण मस्त धरते, चमचा उभा राहतो. पण रंग. दर वेळी झाकण उघडलं की तांदळाचं धुवण. हेडलाइनच्या पुढे पेपर टेस्ट कधी गेलीच नाही, आणि खेप ८ ला अंड्याचा पांढरा भाग फेटून घातला तेव्हा सूप स्वच्छ झालं हे खरं, पण त्या पांढऱ्याने गाळासोबत निम्मी चवपण उचलून नेली, वर एवढं सगळं करून दोन अंडी वाया. मलमलचा दुहेरी कपडा पण झाला. त्याने गाळ अडतो, धुकं नाही. धुकं म्हणजे चरबीचे इतके बारीक थेंब की ते कपड्यातून आरामात निघून जातात, हे मला फार उशिरा कळलं.

आता शोध कसा लागला ते. अक्कल वगैरे काही नाही, सिलेंडर संपला.

खेप १० ला कुकर लावला, एक शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला आणि कॉल घ्यायला बाहेर गेलो. आलो तर ज्योत मरतुकडी, पिवळी, टिमटिम करतेय, आणि पाच मिनिटांत तीपण गेली. दुसरा सिलेंडर लावायचा कंटाळा आला म्हणून कुकर तसाच राहिला तासभर. उघडला तर हाडं अर्धी कच्ची, सांधे सुटले नव्हते, चव पाणचट. पण पाणी! सोनेरी, तळ दिसतोय, तळाला पडलेली मिरी मोजता येतायत. तेच पाय, तीच पाठ-मान, तेच फिल्टरचं पाणी. वेगळं काय होतं तर शिट्ट्या. एकच झाली होती.

मग डोक्यात ट्यूब पेटली. कुकरच्या आत प्रेशर असतं तोवर पाणी १२०च्या आसपास जातं, पण ते खळाखळा उकळत नाही, वरचा दाब त्याला बसवून ठेवतो. शांत असतं एकदम. शिट्टी झाली की झाकणावरचं वजन उचललं जातं, दाब एकदम पडतो, आणि त्या क्षणी आतलं सगळं पाणी त्या कमी दाबाला जास्तच गरम ठरतं, मग ते तळापासून उसळतं. म्हणजे दर शिट्टीला आपण आत रवी फिरवतोय. चरबी फुटून बारीक होते, हाडांचा भुगा, वर आलेला फेस सगळं परत खाली ढवळलं जातं. मी खेप ५ ला सहा शिट्ट्या काढल्या होत्या आणि वर 'हाडं नीट धुतली नाहीत वाटतं' असं लिहिलं होतं. हाडं बिचारी.

(गंमत म्हणजे कुकरचा पणजोबा हाडांसाठीच जन्माला आला. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये बंद भांड्यात वाफ कोंडून हाडं मऊ करून दाखवली, आणि भांडं फुटू नये म्हणून त्याला वजनाचा व्हॉल्व पण त्यानेच बसवला. आपण त्याच्यात तूरडाळ शिजवतो.)

तर खेप ११, शिट्टी होऊ द्यायची नाही. ऐकायला सोपं आहे. आमच्या शेगडीचा सगळ्यात छोटा बर्नर, एकदम सिम, तरी दर चार मिनिटाला शिट्टी. इंडक्शनवर नेला तर ते आणखी वाईट, ३०० वॅटवर ठेवलं म्हणजे ते मंद चालतं असं नाही, थोडा वेळ पूर्ण ताकदीने मारतं, मग थांबतं, परत मारतं. दर माराला फुस्स. इंडक्शनवर सूप करणाऱ्यांनी हे एकदा कान देऊन ऐका. पेपर टेस्ट: हेडलाइन आणि कशीबशी उपहेडलाइन. प्रगती, पण संताप आणणारी.

खेप १२ ला कुकरखाली तवा ठेवला. भाकरीचा जुना लोखंडी, जाड. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्यायची, शेजारच्या छोट्या बर्नरवर तवा आधीच तापवून ठेवायचा, आणि शिट्टी झाली की कुकर उचलून तव्यावर. उचलताना हलवायचा नाही, डुचमळला तर केलेलं पाण्यात. आणि काय सांगू, वीस मिनिटं एकही शिट्टी नाही, नुसता वजनाच्या कडेने सुंईऽऽ असा बारीक आवाज. तोच हवाय. तो आवाज आहे म्हणजे दाब आहे.

इथे मी चूक केली. मीटिंग होती म्हणून लॅपटॉप घेऊन बाल्कनीत गेलो आणि आईला काही सांगितलं नाही. आई मूळची कोल्हापूरकडची, तिचा अख्खा स्वयंपाक शिट्ट्यांच्या हिशोबावर चालतो, भात तीन, डाळ चार, मटण किती ते मटण बघून. ती आत आली, कुकर चढवलेला दिसतोय, वास येतोय, पण शिट्टी नाही. तिने पाच मिनिटं वाट बघितली. मग तवा काढला, गॅस मोठा केला. धडाधड तीन शिट्ट्या. मी कान टवकारून मीटिंग म्यूट करून धावत येईपर्यंत तिने उलथन्याच्या टोकाने वजन उचललेलं. फस्सकन वाफेचा खांब थेट छतापर्यंत, टाइल्सवर तेलाचे शिंतोडे, अख्ख्या घरात चिकनचा वास.

"अरे अर्धा तास झाला, शिट्टीच होईना. म्हटलं भोक बुजलं काय की."

काय बोलणार? ती बरोबरच होती ना. भोक बुजलं असतं तर शिट्टी अशीच थांबली असती आणि मग मी इथे लिहायला नसतो. त्यामुळे हा प्रकार करणाऱ्यांनी दर वेळी झाकण उजेडाकडे धरून भोकातून आरपार दिसतंय का बघा, आणि घरातल्यांना सांगा. मी आता ओट्यावर चिठ्ठी लावतो, 'शिट्टी होणार नाही, मुद्दाम आहे, ८:१० ला बंद'. खेप १२ ची टेस्ट घेतलीच नाही. प्यायलो गुपचूप.

आणि हो, वजन उचलून वाफ सोडणं किंवा कुकर नळाखाली धरणं हे शिट्टीपेक्षा वाईट. आतला दाब काही सेकंदात पडतो म्हणजे आत समुद्रमंथन. प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. पाच लिटरला पाऊण भरलेला नको, दोन तृतीयांश, आणि तेवढ्याला माझ्याकडे पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात भाज्या चिरून होतात.

खेप १३ ची यादी, ज्यांना हवीये त्यांच्यासाठी. पाठ-मान ७०० ग्रॅम, पाय ३०० ग्रॅम, थंड पाणी २ लिटर. पाठीच्या हाडाच्या आतल्या खाचेत लालसर मऊ चिकटलेलं असतं ते अंगठ्याने खरवडून काढा, नखात जातं, घाण वाटतं, पण सूप काळपट करणारं तेच. आधी झाकण न लावता मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, राखाडी फेस येतो तो चमच्याने काढत राहायचा कारण एकदा झाकण लागलं की काढायला हात जात नाही. मग गॅसवर थेट भाजून काळा केलेला अर्धा कांदा सालीसकट, गाजराचं एक टोक, आल्याचा तुकडा ठेचून, लसणाच्या आठ पाकळ्या, मिरी, एक तमालपत्र, कोथिंबिरीच्या काड्या. झाकण, एक शिट्टी, तव्यावर ४० मिनिटं. मीठ शेवटी.

पायांवरून आठवलं. आमचा चिकनवाला पाय फेकून देतो, मागितले तर आनंदाने देतो, पण पहिल्यांदा मागितले तेव्हा त्याने विचारलं कुत्र्याला का, आणि मी लाजून हो म्हणालो. आता दर वेळी तो कुत्र्याची चौकशी करतो. शिवाय कुत्र्याचे म्हणून नखं काढून देत नाही, ती मलाच कात्रीने उडवावी लागतात. मॉलमधल्या पॅकबंद चिकनपेक्षा मात्र हाच बरा, तिथे पाठ-मान वेगळी मिळतच नाही आणि करी कटमध्ये हाडं अशी फोडलेली असतात की कपचे घशात.

कुकरच्या रिंगबद्दल पण एक. मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातून लोकल रबर रिंग घेतली होती, पैसे वाचवायला. महिन्याभरात सैल. कडेने वाफ गळायची आणि मला वाटायचं की गॅस कमी पडतोय. कंपनीची घ्या, त्या मॉडेलचीच घ्या, धुऊन कुकरच्या बाहेर सुकवा. माझा हॉकिन्स आत झाकण घालायचा आहे, अठरा वर्षांचा, दोन हँडल बदलली, बाकी ठणठणीत. स्टीलचा सँडविच तळाचा पण आहे घरात, पण तो गॅस कमी केल्यावरसुद्धा उष्णता धरून बसतो आणि उगाच दोन शिट्ट्या जास्त मारतो, ह्या कामाला नको.

भाज्यांचं थोडक्यात, कारण त्यात आता भांडण उरलं नाही. कुकरमध्ये भाज्या घालू नका, संपला विषय. गाजराचा लगदा होतो आणि कोबीला तो हॉस्टेलच्या मेसचा वास येतो. गाळलेल्या सूपमध्ये उघड्या पातेल्यात आधी बोनलेसचे दोन तुकडे मंद आचेवर बारा मिनिटं, काढून बोटांनी तंतू सोडवायचे, मग गाजर आणि फरसबी, चार मिनिटांनी मटार, गॅस बंद करायच्या आधी बारीक चिरलेला कोबी. कोबी कच्चाच राहिला पाहिजे थोडा. बाबांना तसा चावत नाही, त्यांच्या वाटीत आधीच घालतो.

बाबांसाठीच तर हे सगळं सुरू झालं होतं, जूनमधल्या तापानंतर. ते ढीगभर सूप प्यायले आतापर्यंत आणि एकदाही रंगाबद्दल बोलले नाहीत. आज सकाळी त्यांना मी खेप १३ ग्लासात घालून उजेडात धरून दाखवली. ते म्हणाले, "पाणी जास्त झालंय का?" प्यायल्यावर मात्र दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. आईने चव बघितली, बरं आहे म्हणाली, आणि माझ्या देखत पातेल्यात चिमूटभर हळद टाकली. म्हणे, अळणीला (तिकडे मटण-चिकनच्या बिनतिखट सूपला हेच म्हणतात) हळद नाही म्हणजे काय! तेरा खेपा. पिवळ्या ग्लासातून परत पेपर धरून बघितला, वाचता येतंय अजून, पण फिल्टर लावल्यासारखं.

तिच्याशी वाद घालताना ती एक वाक्य बोलली आणि माझा पुढचा सगळा प्लॅन बदलला. मी खेप १४ ला गावठी कोंबडीवर जाणार होतो, तसं कळवलं पण होतं. पण आई म्हणाली की तुझं ते गढूळ पाणी पांढऱ्या रश्श्याला बरं होतं, उगाच पळवून लावलंस. आणि खरंय की! जपानी लोक रामेन ह्या नूडल्सच्या सूपच्या काही प्रकारांसाठी हाडं मुद्दाम तासन्‌तास खळाखळा उकळतात, दुधासारखं पांढरं व्हावं म्हणून. आपल्याकडे पांढऱ्या रश्श्यात तो पांढरेपणा नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ ह्यांनी येतो. जर शिट्टी म्हणजे रवी असेल तर मी रवी पूर्ण ताकदीने फिरवली तर? पाय दुप्पट, कातडी ठेवलेली, मोठा गॅस, आठ शिट्ट्या, शेवटी वजन उचलून मंथन. मग नारळाचं दूध निम्मं लागेल का? पोटाला हलकं होईल का? चरबी पृष्ठभागावर न येता मिसळलेलीच राहील का, की थंड झाल्यावर फुटेल?

चिकनवाल्याला कातडीसकट पाठ सांगितलीये, तो म्हणाला कुत्रं लठ्ठ होईल. गावठी सध्या बाजूला. खेप १४ रविवारी सकाळी, टाइल्सवर आधीच पेपर चिकटवून, आणि गॅसपाशी ह्या वेळी आई उभी राहणार आहे, उलथनं घेऊन.