भरीत-भाकरी दातांना मानवते, उपवास जड जातो

शाकाहाराने दात बिघडतात का, असं विचारणाऱ्याने आधी खानदेशातलं ताट बघावं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, वाटीभर दही. चावायला भरपूर, म्हणून लाळ सुटते. दही आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट असल्याने ते दात झिजवत नाही. असं दोन वेळचं जेवण दातांना मानवतं. बिघडतं ते उपवासाला.

एकादशी अन् दुप्पट खाशी! सकाळी साबुदाण्याची खिचडी, अकराला केळ्याचे वेफर्स, दुपारी भगर, चारला राजगिऱ्याचा लाडू आणि अधूनमधून गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाढेच्या खाचेत त्याचा चिकट गोळा बसला की जीभ फिरवून निघत नाही. लाळ त्याची साखर करते, जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दातावरच्या कडक आवरणातली, खनिजं विरघळू लागतात, आणि लाळेला तो पूर्ववत करायला साधारण 30 ते 60 मिनिटं लागतात. दर तासाला तोंड चालू राहिलं तर ही सवड मिळतच नाही. त्यामुळे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते मोजा. खिचडी, लाडू, केळं एकाच बैठकीत संपवा, खळखळून चूळ भरा, मधल्या वेळात फक्त पाणी.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी. पन्हं, लिंबू सरबत, मीठ लावलेली चिंच. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो, इथे जंतूंची गरजच पडत नाही, आम्ल थेट एनॅमल खातं. समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या दिसायला लागतात, दाढांवर बारीक वाटीसारखे खळगे पडतात, माठातलं पाणीसुद्धा सणकतं. पन्हं घोट-घोट करत तासभर पिऊ नका. आणि त्यानंतर लगेच ब्रश नको, कारण मऊ पडलेला थर ब्रशखाली खरवडला जातो. चूळ भरून अर्धा-पाऊण तास थांबा.

हिरड्यांचं म्हणाल तर भाजीपाल्याने त्या आपोआप साफ होत नाहीत. उलट मेथीचा देठ किंवा आंब्याचा धागा दोन दाढांच्या फटीत अडकतो, मग टाचणी नाहीतर काडेपेटीची काडी हातात येते आणि हिरडीला जखम होते. फटीसाठी दातांचा दोरा किंवा बारीक ब्रश वापरा. घासताना रक्त येतं म्हणून माणसं नेमकी तीच जागा सोडून देतात. पण रक्त बहुतेकदा तिथे साचलेल्या चिकट थरामुळेच येतं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरा, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दंतवैद्य गाठा. दात स्वच्छ करून घेतल्याने ते हलायला लागतात, हा गैरसमज आहे. कीटणाने, म्हणजे दातावर साचून कडक झालेल्या थराने, धरून ठेवलेला दात आधीच सैल झालेला असतो.

नाचणी-तीळ खाऊन मोठ्या माणसाचा किडलेला दात भरून येत नाही. ते कॅल्शियम जबड्याच्या हाडाला आणि लहान मुलांच्या घडत असलेल्या दातांना लागतं.

शाकाहारात खरी उणीव पडते ती बी-12 या जीवनसत्त्वाची. ते कमी पडलं की जीभ लाल, गुळगुळीत होते, तिखट ठेचा लागताच आग होते, तोंड वारंवार येतं, ओठांचे कोपरे चिरतात. लोहाच्या कमतरतेतही असंच दिसतं, म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासा. मोठ्या माणसाला बी-12 रोज 2.2 मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास दूध किंवा तेवढ्याचं दही. दोन कप चहातलं दूध त्याच्या जवळपासही जात नाही. दूधही सोडलेल्यांना गोळी किंवा बी-12 घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात.