तुम्ही विचारलंत म्हणून: थोरल्याला हा रग्बीचा खेळ कसा खेळू दिला?

गणपतीच्या आरतीनंतर, फोनवर, मागच्या वर्षी इचलकरंजीच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या, प्रश्न एकच: “अहो, थोरल्याला हा असला हाडं मोडायचा खेळ खेळू कसा दिलात?” इतकी वर्षं “त्याला आवडतं हो” म्हणत मी विषय बदलत आलो. ते उत्तर नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. आता एकदा नीट सांगतो, म्हणजे पुन्हा विचारू नका.

“नुसती ढकलाढकली तर असते” हे आधी सोडा. इथं ऑस्ट्रेलियात खेळतात त्या रग्बी लीगमध्ये १३ जणांच्या संघाला सहा टॅकलमध्ये, म्हणजे समोरच्यांनी सहा वेळा धरून पाडेपर्यंत, जमेल तेवढं पुढं जायचं असतं. सहावा झाला की बॉल समोरच्यांचा. त्यात सुरुवातीला बॉल घेऊन घुसायचं ते प्रॉपनं, म्हणजे ८ किंवा १० नंबरचा शर्ट घालणाऱ्यानं. समोर शंभर-शंभर किलोचे तिघे उभे असतात आणि हा बगल न देता सरळ त्यांच्यावर जातो. आठ-दहा मीटर मिळतात. पडतो, उठतो, पायानं बॉल मागं सारतो, परत रांगेत. बॉल त्यांच्याकडे गेला की टॅकलवर टॅकल. ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपार बॉल टेकवून गुण, करतो कडेचा हलका गडी, टीव्हीवरही पुन्हापुन्हा तोच दिसतो. पण त्याला मोकळी जागा कुणामुळे मिळाली, हे संघातल्या प्रत्येकाला माहीत असतं. माझ्या पोराला हे दुसऱ्यासाठी वाट करून द्यायचं काम आवडलं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आमच्या घरात ही अंगकाठी माझ्या आजोबांकडून आली. ते कोल्हापुरात तालमीत वाढले. दोन्ही कान मोडलेले, पैलवानाचे. गावात त्या कानांना मान होता. इथं शाळेत माझ्या पोराला त्याच अंगावरून चिडवायचे. डबा एकटाच खायचा. दहाव्या वर्षी कुणीतरी त्याला मैदानावर नेलं आणि पहिल्यांदाच त्याला बघून पोरं खूश झाली, “हा आमच्यात” म्हणून भांडली. तुम्ही सिलेक्टिव्ह शाळेच्या, म्हणजे निवडक पोरांनाच घेणाऱ्या सरकारी शाळेच्या, परीक्षेसाठी नऊ-नऊ वर्षांच्या लेकरांना रविवारी पहाटे उठवून क्लासला नेता, तेव्हा “कसं करवतं तुम्हाला?” असं मी कुणाला विचारलेलं नाही.

हे सगळं खरं आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या आत जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर वेगळं आहे.

एनआरएलची, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या रग्बी लीग स्पर्धेची, २०१४ ची फायनल मी आणि थोरल्यानं घरी बघितली. साउथ सिडनीचा (साउथ्सचा) फॉरवर्ड, म्हणजे प्रॉपसारखाच पुढं घुसणारा गडी, सॅम बर्जेस, पहिल्याच धडकेत गालाचं हाड मोडलं, तरी खेळत राहिला. ४३ वर्षांनी साउथ्स जिंकले आणि सामनावीराचं पदक त्यालाच मिळालं. त्या रात्री मीच पोराला जॉन सॅटलरची गोष्ट सांगितली: १९७० ची फायनल, मॅन्लीविरुद्ध, जबडा मोडलेला, आणि साउथ्सचा हा कप्तान मैदान सोडत नाही. तो मांडी घालून, उशी पोटाशी धरून ऐकत होता. बारा वर्षांचा होता.

तीन वर्षांनी, जुलैतली सकाळ, गवतावर दव. पूर्वार्धात टॅकल करताना त्याचं डोकं चुकीच्या बाजूला राहिलं आणि समोरच्याच्या कमरेच्या हाडावर आपटलं. तो गुडघ्यांवर आला आणि तिथंच थांबला, गवताकडे बघत. मी कडेला दोरीपाशी होतो. मी ओरडलो, “ऊठ! काही झालं नाही, ऊठ!” मराठीत. त्या मैदानावर ते कळणारे आम्ही दोघंच. त्यानं मान वर केली, नजरेनं मला शोधलं आणि उठला. पाणी घेऊन धावत आलेल्या माणसाला अंगठा दाखवला. मी टाळ्या वाजवल्या.

पंधरा मिनिटांनी बॉल घेऊन घुसला. धडक फार मोठी नव्हती, तशा शंभर त्यानं खाल्ल्या होत्या. पण पडला तो दोन्ही हात पुढं ताठ करून, काठ्यांसारखे, आणि ते खाली येईनात.

सामना तिथंच थांबवला. गुणांत आम्ही मागं होतो. ॲम्ब्युलन्समध्ये त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, “बाबा, आपण जिंकलो?” मी म्हटलं, “हो, जिंकलो.” चेहरा खुलला. थोड्या वेळानं पुन्हा, “बाबा, आपण जिंकलो?” हॉस्पिटल येईपर्यंत पाच वेळा. पाचही वेळा मी हो म्हटलं आणि पाचही वेळा तो तितकाच खूश झाला.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही.

तेव्हा कुणाला एवढं माहीत होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे. टीव्हीवर खेळाडूंना डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर नेताना मी दर आठवड्याला बघत होतो आणि “हल्लीचे फार नाजूक” म्हणत होतो. २०१९ मध्ये स्टीव्ह फोक्सची बातमी आली. सिडनीतल्या कँटरबरी क्लबचा फॉरवर्ड, चार वेळा विजेता, पुढं त्याच क्लबचा कोच. आदल्या वर्षी ५९ व्या वर्षी हृदयविकारानं गेला होता. घरच्यांनी मेंदू संशोधनासाठी दिला, त्यात सीटीई निघाला: डोक्याला वारंवार धक्के बसून जडणारा आजार, मेल्यावरच पक्का कळणारा. सॅटलर २०२३ मध्ये गेला. शेवटी त्याला स्मृतिभ्रंश होता. तो कशानं झाला हे सांगणारा मी कोण? पण ती जबड्याची गोष्ट मला पुन्हा कुणाला सांगता आलेली नाही.

मग थांबवलं का नाही? डॉक्टरांनी परवानगी दिली, पोरगं फॉर्म घेऊन समोर उभं राहिलं. ही नको म्हणाली. मी सही केली. नाही म्हणालो असतो तर ते त्याच्यासाठी, की माझ्या ओरडण्यावर पांघरूण घालायला, हे मला कळेना. कधी वाटतं, काहीही असो, बापानं नाही म्हणायला हवं होतं. कधी वाटतं, मग तो एकटाच डबा खात बसला असता. दोन्ही अजून वाटतं.

आता तो तेविशीत आहे. एनआरएलच्या एक पायरी खाली, एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स) कपमध्ये खेळतो. पहाटे परांच्या बांधायच्या कामावर, संध्याकाळी सराव. वर जागा मिळेलच असं नाही. मिळाली तरी किती वर्षं? बर्जेसला खांद्यापायी तिसाव्या वर्षी थांबावं लागलं. मधल्या काळात दोनदा माझ्या पोराच्या डोक्याला लागलं, दोन्ही वेळा तो स्वतःहून बाहेर आला. ही सामन्याला येत नाही. मी जातो, दोरीपासून लांब, तोंड मिटून उभा राहतो.

त्याला ती सकाळ आठवत नाही. पहिला मार, माझी हाक, काहीच नाही. दुसऱ्या कुणाला ती हाक कळलीच नव्हती, त्यामुळे त्याला सांगणारंही कुणी नाही. मी सांगितलेलं नाही. तो मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. म्हणूनच मला हे लिहिता आलं. पुढच्या गणपतीत भेटाल तेव्हा त्याच्यासमोर हा विषय काढू नका. आधी मला बोलू द्या.