पाँ द्यु गारचा उतार

शुक्रवार, रात्री

दक्षिण फ्रान्समधल्या पाँ द्यु गारचे, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या रोमन पुलाचे, फोटो बहुतेक एकाच जागेवरून काढलेले असतात. गार्दों नदीच्या काठावर उभं राहायचं आणि मान वर करायची. तीन मजली कमानी, जवळपास 49 मीटर उंची. दिसतं भव्यच. पण बघण्यासारखी मुख्य गोष्ट त्या फोटोत येतच नाही, कारण ती सगळ्यात वर, माथ्यावर आहे: जेमतेम 1.2 मीटर रुंदीचा पाण्याचा पाट. त्या पाटाला दरी ओलांडता यावी म्हणून एवढा खटाटोप.

रोमन लोकांनी पहिल्या शतकात हे पाणी युझेसजवळच्या झऱ्यावरून नीम शहरात आणलं (नीम हे गावाचं नाव, कडुलिंबाशी संबंध नाही). सरळ अंतर 20 किलोमीटर, पण टेकड्यांना वळसे घालत पाट 50 किलोमीटर जातो. एवढ्या वाटेत एकूण उतार किती, तर 12.6 मीटर. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी 25 सेंटीमीटर. अख्ख्या पुलावर तर पाणी अडीच सेंटीमीटरच उतरतं.

हे मोजलं कशाने? रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने ‘कोरोबाटेस’ नावाच्या साधनाचं वर्णन करून ठेवलंय. 20 रोमन फूट, म्हणजे सुमारे 6 मीटर लांबीचं सरळ लाकूड, दोन्ही टोकांना पाय, पायांवर ओळंब्यासाठी उभ्या खुणा. ओळंबे दोन्हीकडे सारखे लागले की लाकूड समपातळीत. वारा सुटला की मात्र ओळंबे हलतात, म्हणून वरच्या बाजूला पाच फूट लांबीची पन्हळ कोरलेली. तिच्यात पाणी भरायचं आणि ते दोन्ही काठांना सारखं लागतं का बघायचं. 25 सेंटीमीटरच्या हिशेबाने या 6 मीटरच्या लाकडाच्या दोन टोकांत दीड मिलिमीटरचा फरक हवा. गवंडीकाम केलेल्या माणसाला विचारा, दीड मिलिमीटर म्हणजे काय ते.

उतार सगळीकडे सारखा ठेवलेला नाही, आणि यातच खरी हुशारी आहे. पुलाच्या अलीकडे पाट जास्त उतरवलाय. त्यामुळे दरीवर पोचेपर्यंत पातळी खाली आली आणि पुलाची उंची काही मीटरने वाचली. पण उताराची उधारी फेडावी लागतेच! पुढच्या टप्प्यात हातात उतारच कमी उरला, पाणी मंदावलं आणि पाट तुंबून वरून वाहायला लागला. पुलावर पाटाच्या भिंती नंतर वाढवाव्या लागल्या.

दगड जवळचाच, नदीकाठच्या खाणीतला शिंपलेदार चुनखडक. खालच्या दोन मजल्यांत चुना अजिबात नाही. सहा-सहा टनांपर्यंतचे चिरे नुसते घडवून एकमेकांवर बसवलेत. कमान खालून नीट पाहिली की ती एकसंध नाही हे लक्षात येतं. तळमजल्याच्या प्रत्येक कमानीत चार आणि मधल्या मजल्याच्या प्रत्येक कमानीत तीन अरुंद कडी एकमेकांना खेटून उभी आहेत, मध्ये शिवण. एक कडं पूर्ण झालं की तोच लाकडी साचा सरकवून शेजारी पुढचं. लाकूड वाचतं, आणि एका कड्याला तडा गेला तरी शेजारचं शाबूत राहतं. भिंतीतून बाहेर आलेले जे ठोकळे दिसतात ते साचे आणि परांची टेकवायला ठेवलेले. काम संपल्यावर कुणी तासत बसलं नाही. काही चिऱ्यांवर खुणा कोरल्यात: ‘दर्शनी, डावीकडचा, 3’ अशा अर्थाची तीन-चार अक्षरं. कोणता चिरा कुठे बसवायचा, ते त्यावरच लिहिलेलं.

चुना लागला तो वर, पाटाच्या आत. चुन्यात कुटलेली खापरं आणि विटा, म्हणजे आपली चुना-सुरखीच. तिच्यावर तांबूस लेप. अशा लेपाची रोमन लेखक प्लिनीने दिलेली कृती अशी: ताजी चुनकळी वाइनमध्ये विझवायची, मग डुकराची चरबी आणि अंजीर घालून कुटायची. आपले गवंडी गूळ आणि बेलफळ घालायचे.

आता बिघाड. झऱ्याचं पाणी जड, चुन्याचं. किटलीत बसतो तसा थर पाटाच्या भिंतींवर बसत गेला, काही ठिकाणी वीतभराहूनही जाड. आत उतरायला वरून भोकं ठेवलेली होती, सुरुवातीला तो खरवडलाही जायचा. देखभाल थांबल्यावर पाट आतूनच चोंदला. पुण्यात कात्रजच्या नळाला (पेशवेकालीन भुयारी पाटाला) वर जी तोंडं आहेत त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. इथल्या भोकांनाही तोच शब्द शोभेल. पुढे मध्ययुगात लोकांनी थराचे तुकडे फोडून बांधकामाला वापरले.

17 व्या शतकात तोफा पलीकडे न्यायला मधल्या मजल्याचे खांब एका बाजूने तासले गेले. तरी पूल टिकला. 1743 ते 1747 मध्ये शेजारी खेटून रस्त्याचा पूल बांधला, तोच फोटोत खालच्या मजल्याला चिकटलेला दिसतो.

पाँ द्यु गारला जाणाऱ्यांनी नीममधला हौद चुकवू नये. गर्दी नसते, फलकही साधा. पाच-सहा मीटर व्यासाचा उघडा गोल हौद, पुरुषभरही खोल नाही. एका बाजूने चौकोनी तोंडातून पाट आत येतो, समोरच्या भिंतीत 40 सेंटीमीटरची दहा गोल भोकं; प्रत्येकात शिशाची नळी बसायची आणि ती शहराच्या एकेका भागाकडे जायची. व्हिट्रुव्हियसच्या मते पाणी तीन वाटांनी वाटावं: रस्त्यावरचे हौद, स्नानगृहं, खाजगी घरं. इथे दहा भोकं मोजून घ्या आणि त्याचा नियम बाजूला ठेवा. तळाला आणखी तीन भोकं आहेत, गाळ सोडायला. कडेच्या दगडात कठड्याच्या खोबणी अजून दिसतात.